इलिचपूरचा डास आणि तेवीस हजार तुकडे

गच्चीवरच्या टाकीचं झाकण उचलून आत बॅटरीचा झोत टाकला, की अळ्या आहेत का आणि कोणत्या, हे लगेच कळतं. क्युलेक्सची अळी डोकं खाली आणि शेपूट वर करून तिरकी लोंबकळते. ॲनोफिलीसची अळी पाण्याच्या कातडीला चिकटल्यासारखी आडवी पडून असते, एखादी बारीक काडी तरंगावी तशी. सावली पडली की झटका देऊन खाली जाते आणि थोड्या वेळाने पुन्हा वर येऊन तशीच आडवी होते. मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं शिडी लावून टाक्यांवर चढतात ती या आडव्या काडीसाठी. ॲनोफिलीस स्टीफेन्सी हे तिचं नाव. आपल्या शहरांमधला हिवताप मुख्यतः हाच डास पसरवतो. आणि त्याचं बारसं झालं ते वऱ्हाडात.

१९०१ साली विल्यम ग्लेन लिस्टन या इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या डॉक्टरने इलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, वर्षभर ॲनोफिलीस डासांच्या सवयी पाहिल्या आणि त्या ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये लिहून काढल्या. त्याला चारच वर्षं आधी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटाच्या भिंतीत हिवतापाचे परजीवी दिसले होते. त्यामुळे कुठला डास कुठे अंडी घालतो आणि कुणाला चावतो, हा प्रश्न तेव्हा अगदी ताजा होता. लिस्टनने या नव्या जातीला स्टीफेन्स यांचं नाव दिलं. हे स्टीफेन्स त्या सुमारास ख्रिस्तोफर्स यांच्यासोबत रॉयल सोसायटीच्या वतीने भारतात हिवतापाचा अभ्यास करत होते. पुढे लिस्टन मुंबईत आला, प्लेग उंदरांच्या पिसवांमधून पसरतो हे दाखवणाऱ्या कामात गुंतला आणि त्याचं नाव प्लेगशी जोडलं गेलं. इलिचपूरचा डास मात्र जातीच्या नावापुढे आजही ‘लिस्टन, १९०१’ अशी खूण घेऊन फिरतो.

हा डास शहराचा आहे हे मुंबईला लवकरच उमगलं. १९११ च्या अहवालात चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचं खापर घराघरांतल्या विहिरींवर फोडलं. स्टीफेन्सी तिथे अंडी घालत होता. विहिरी बुजवा किंवा घट्ट झाका, असा आग्रह सुरू झाला आणि त्यावरून मोठा वाद पेटला. पूजेच्या, धर्मकार्याच्या पाण्याला ऊन लागलं पाहिजे असं मानणाऱ्या पारशी आणि हिंदू कुटुंबांना झाकण नको होतं. त्यांची हरकत समजण्यासारखी होती, पण डासाला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. १९२८ साली गॉर्डन कोव्हेल यांनी मुंबईची पुन्हा पाहणी केली. विहिरी कमी झाल्या तशा टाक्या वाढल्या आणि डास जमिनीवरून गच्चीवर गेला.

पुढे येणाऱ्या जीनोमच्या, म्हणजे डीएनएत लिहिलेल्या संपूर्ण मजकुराच्या, गोष्टीशी ज्याचा थेट संबंध आहे असं या काळातलं काम मात्र मुंबईत झालं नाही, ते म्हैसूर संस्थानात झालं. ॲनोफिलीसचं अंडं लहानशा होडीसारखं असतं. त्याच्या दोन्ही कुशींना हवेने भरलेले फुगवटे असतात, त्यांना तरंगक म्हणू. या तरंगकांवर आडव्या वळ्या असतात. १९३७ साली स्वीट आणि राव यांनी सूक्ष्मदर्शकाखाली अंड्यांमागून अंड्यांच्या वळ्या मोजल्या आणि स्टीफेन्सीमध्ये निरनिराळे प्रकार आहेत असं सांगितलं. पन्नास वर्षांनी दिल्लीच्या संशोधकांनी ही मोजणी अधिक नेटकी करून तीन गट पक्के केले. मूळ प्रकारात १४ ते २२ वळ्या, ‘मायसोरेन्सिस’मध्ये ९ ते १५, आणि मधल्या प्रकारात १२ ते १७. मूळ प्रकार शहरात राहून हिवताप पसरवतो. मायसोरेन्सिस खेड्यात, गुराढोरांच्या आसपास असतो आणि माणसाला फारसा त्रास देत नाही. दिसायला डास तोच, नाव तेच, आणि वागण्यात इतका फरक. हा फरक कुठे लिहिलेला आहे? अंड्यावरच्या वळ्या मोजणाऱ्यांनी हा प्रश्न नीट मांडून ठेवला होता. उत्तर वाचण्याची सोय मात्र तेव्हा कुणाकडेच नव्हती.

कीटकांमध्ये ती सोय पहिल्यांदा एका माशीवर झाली. फळमाशी, ड्रोसोफिला, ही १९१० पासून आनुवंशिकतेच्या अभ्यासाची घरचीच. तिचा संपूर्ण जीनोम वाचायचं काम जेरी रुबिन यांचा बर्कलीचा गट तुकड्या-तुकड्याने, नकाशा हाती घेऊन, शिस्तीने करत होता. मे १९९८ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या बैठकीत क्रेग व्हेंटर यांनी रुबिनना गाठलं. व्हेंटर तेव्हा सेलेरा ही कंपनी उभी करत होते. त्यांना माणसाचा जीनोम एका झटक्यात, ‘शॉटगन’ पद्धतीने वाचायचा होता आणि त्याआधी एखाद्या मोठ्या जीनोमवर ती पद्धत चालते हे सिद्ध करायचं होतं. रुबिन राजी झाले. सगळी माहिती सर्वांसाठी खुली होईल या बोलीवर.

शॉटगन म्हणजे काय ते सांगायला एक गाथा घेऊ. समजा अभंगांची जाडजूड गाथा आहे आणि तिच्या दहा-बारा प्रती कुणी फाडून, प्रत्येकी ओळ-दोन ओळींच्या चिठ्ठ्या करून पोत्यात कोंबल्या आहेत. एकाही चिठ्ठीवर पानाचा आकडा नाही. प्रती वेगवेगळ्या ठिकाणी फाटल्यामुळे एका चिठ्ठीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीशी जुळतो, त्या जुळणीवरून पुस्तक पुन्हा उभं करायचं. साध्या मजकुराला हे जमतं. अडतं ते ध्रुवपदाशी. प्रत्येक कडव्यानंतर तीच ओळ येते. ध्रुवपदाची चिठ्ठी हातात आली की ती पहिल्या कडव्यानंतरची की सातव्या, हे सांगायला काहीच खूण नसते. घाईने जोडलं तर सात कडव्यांचं एक कडवं होतं आणि मधली सहा नाहीशी होतात. जीनोममध्ये अशी ध्रुवपदं लाखांनी असतात. म्हणूनच १९९७ साली जेम्स वेबर आणि जीन मायर्स यांनी माणसाचा जीनोम असा वाचावा असं सुचवलं, तेव्हा फिल ग्रीन यांनी ते जमणार नाही असं सविस्तर लिहून उत्तर दिलं होतं.

मायर्स सेलेरात गेले आणि त्यांनी जुळणीचा प्रोग्राम लिहून घेतला. त्यात एक छान युक्ती होती. डीएनएचा दोन हजार किंवा दहा हजार अक्षरांचा तुकडा घ्यायचा आणि त्याची दोन्ही टोकं वाचायची. मधलं वाचलं नाही तरी या दोन चिठ्ठ्या एकमेकींपासून इतक्या अंतरावर होत्या एवढं ठाऊक असतं. मग ध्रुवपद ओलांडून पलीकडचं कडवं पकडता येतं. माशीच्या ३० लाखांहून अधिक चिठ्ठ्या वाचल्या गेल्या. २४ मार्च २००० च्या ‘सायन्स’मध्ये निकाल छापून आला: सुमारे १२ कोटी अक्षरं, १३,६०० च्या आसपास जनुकं. पद्धत चालली होती. पण एक गोष्ट त्या यशाच्या गजरात मागे पडली. माशीचा पूर्ण जीनोम सुमारे १८ कोटी अक्षरांचा आहे. उरलेला तिसरा हिस्सा जवळजवळ नुसत्या ध्रुवपदांचा होता आणि तो त्या वेळी बाजूला राहिला.

पाठोपाठ ऑक्टोबर २००२ मध्ये पहिल्या डासाचा जीनोम आला: आफ्रिकेतला ॲनोफिलीस गॅम्बिए, २७ कोटी ८० लाख अक्षरं. त्याच आठवड्यात हिवतापाच्या परजीवीचा, प्लास्मोडियम फाल्सिपेरमचा जीनोमही प्रसिद्ध झाला. डास आणि परजीवी दोन्ही एकदमच हाती आले, तो खरोखर मोठा आठवडा होता. पण गॅम्बिएच्या जुळणीत एक वेगळीच अडचण निघाली. डास एवढासा. एका डासातून निघणारा डीएनए त्या काळच्या यंत्रांना पुरत नसे, म्हणून पुष्कळ डास एकत्र वाटावे लागत. वापरलेला प्रयोगशाळेतला वाण मिश्र वंशाचा होता. म्हणजे गाथेच्या बारा प्रती एकाच छापखान्यातल्या नव्हत्या. काहींत पाठभेद होते. पाठभेद असलेली एकच ओळ प्रोग्रामला दोन वेगळ्या ओळी वाटायची आणि एकच जागा दोनदा मांडली जायची. एका डासापासून चांगला जीनोम उभा करणं २०१९ मध्ये जमलं, सुमारे १०० नॅनोग्रॅम डीएनएवर.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस इजिप्तीचा जीनोम २००७ मध्ये आला, क्युलेक्सचा २०१० मध्ये. आपला स्टीफेन्सी मात्र रांगेतच उभा होता. हिवतापाचे बहुतेक बळी आफ्रिकेत, त्यामुळे पैसा आणि लक्ष गॅम्बिएकडे जाणं स्वाभाविक होतं. पण दिल्ली, मुंबई, चेन्नईतल्या तापाची किंमत त्यात कमी धरली गेली असं मला वाटतं.

२०१४ साली व्हर्जिनिया टेकच्या पुढाकाराने स्टीफेन्सीच्या भारतीय वाणाचा पहिला मसुदा ‘जीनोम बायॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. २२ कोटी १० लाख अक्षरं, ११,७८९ जनुकं. आणि हे सगळं किती तुकड्यांत? २३,३७१. डासाच्या पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या अवघ्या तीन असतात. म्हणजे तीन पुस्तकांच्या जागी तेवीस हजार सुटी पानं. त्यातली बरीचशी अगदी चिटोऱ्याएवढी. मोठी पानं मोजकीच.

ही पानं ओळीने लावायला संशोधकांनी जी वाट धरली ती मला या साऱ्या कहाणीत सगळ्यात जास्त आवडते, कारण तिथे पुन्हा डोळा आणि हात कामाला येतात. मादी रक्त प्यायली की तिच्या अंडाशयातल्या पोषक पेशींत गुणसूत्रं पुष्कळ पदरी होतात. दोरा पदरावर पदर देऊन वळावा आणि जाड दोरखंड व्हावा, तशी. साधारण दिवसभरानंतर, अंडी अर्धी भरलेली असताना, अंडाशय काढून अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲसिडच्या मिश्रणात ठेवतात. मग काचपट्टीवर प्रोपिओनिक ॲसिडच्या थेंबात त्याचा कण घेऊन, वर झाकणकाच ठेवून हलकेच दाबायचं. दाब कमी पडला तर गुणसूत्रं गुंतलेली राहतात, जास्त झाला तर तुटतात. नीट साधलं तर पाच भुजा पसरतात, काळे-पांढरे पट्टे असलेल्या, प्रत्येक भुजेचा पट्ट्यांचा क्रम ठरलेला. जीनोमच्या एखाद्या पानातला छोटा भाग चमकत्या रंगाने रंगवून या काचेवर सोडला, की तो आपल्या जागी जाऊन चिकटतो आणि त्या पट्ट्यावर ठिपका उजळतो. पान कुठलं ते कळलं. असं एकेक करत जीनोमचा ६२ टक्के भाग गुणसूत्रांवर बसवला गेला. उरलेल्या पानांना जागा मिळाली नाही.

दरम्यान जग बदलत होतं. २०१२ साली स्टीफेन्सी आफ्रिकेच्या शिंगावर, जिबुतीत सापडला. त्या वर्षी त्या छोट्या देशात हिवतापाचे २७ रुग्ण होते. २०२० मध्ये ती संख्या ७३,००० च्या वर गेली. २०१६ मध्ये डास इथिओपियात दिसला, मग सुदान, सोमालिया, नायजेरिया. आफ्रिकेतला हिवताप तोवर मुख्यतः खेड्यापाड्यातला आणि पावसाळ्यातला मानला जाई. हा डास शहरात राहतो आणि पिंपात, टाकीत, बांधकामाच्या पाण्यात बारा महिने वाढतो. मुंबईने शंभर वर्षं जे पाहिलं ते आता जिबुती पाहत होती. शिवाय बरीच कीटकनाशकं त्याच्यावर चालत नव्हती.

ती का चालत नाहीत, याचं उत्तर त्या चिटोऱ्यांत अडकलेलं होतं. मुंबई इलाख्यात हिवताप-तज्ज्ञ विश्वनाथन यांनी १९४५ च्या सुमारास कारवार-धारवाडकडे डीडीटीची फवारणी सुरू केली. १९५३ मध्ये देशभर कार्यक्रम झाला आणि १९६५ पर्यंत हिवतापाचे रुग्ण लाखाच्या घरात आले. १९७६ मध्ये ते पुन्हा ६४ लाखांवर गेले. त्याची कारणं अनेक होती, पण डास विषाला सरावले हे त्यातलं एक मोठं. विष पचवणारी जनुकं, म्हणजे सायटोक्रोम पी-४५० किंवा ग्लुटाथिओन ट्रान्सफरेजची कुटुंबं, जीनोममध्ये एकमेकांना खेटून, एकीची दुसरी नक्कल अशी ओळीने बसलेली असतात. जितक्या प्रती जास्त तितकं विष पचवण्याची ताकद जास्त. हीच ती ध्रुवपदं. शंभर-दोनशे अक्षरांच्या चिठ्ठ्यांनी जुळणी केली की सात प्रतींची एक प्रत होते. शास्त्रज्ञांनी ज्या जागी पाहायला हवं तिथेच पुस्तक चिकटलेलं होतं.

यावर उपाय निघाला तो चिठ्ठी लांब करण्याचा. पॅकबायो या कंपनीची यंत्रं एका दमात हजारो, दहा-दहा हजारांहून अधिक अक्षरं वाचू लागली. ध्रुवपद आणि त्याच्या दोन्ही बाजूंची कडवी एकाच चिठ्ठीवर आली, की गोंधळ उरत नाही. जोडीला ‘हाय-सी’ नावाची पद्धत आली. पेशीच्या केंद्रकात डीएनए घडी घालून ठेवलेला असतो. फॉर्मल्डिहाइडने तो आहे तिथे गोठवायचा आणि कोणता तुकडा कोणाला चिकटून होता ते मोजायचं. चाळीतल्या बिऱ्हाडांसारखं आहे हे. कोण कुणाकडे वाटी घेऊन जास्त वेळा जातं ते वर्षभर मोजलं, तर खोल्यांचे नंबर न पाहताही कोण कुणाला लागून राहतं ते सांगता येईल. जास्त भेटी म्हणजे शेजार.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतले महुल चक्रवर्ती, जे. जे. एमर्सन, अँथनी जेम्स आणि त्यांचे सहकारी यांनी या दोन्ही पद्धती भारतीय मुळाच्या वाणावर वापरल्या. २०२१ साली ‘बीएमसी बायॉलॉजी’त त्यांचा जीनोम प्रसिद्ध झाला. तीन गुणसूत्रं, तीन सलग पानं. तेवीस हजारांचे तीन झाले. आणि त्या चिकटलेल्या जागा सुटल्या तेव्हा कीटकनाशकांना तोंड देणाऱ्या जनुकांपैकी २९ अशी निघाली जी आधीच्या मसुद्यात दिसतच नव्हती. वाय गुणसूत्राची २४ लाख अक्षरंही हाती आली. वाय जवळपास सगळंच ध्रुवपदांचं, म्हणून ते नेहमी वगळलं जायचं. पण नर कशाने नर होतो हे तिथेच लिहिलेलं आहे. चावते ती मादी. नर फुलांच्या रसावर जगतो. नरांचंच प्रमाण वाढवता आलं तर चावणारे कमी होतील, म्हणून या भागाची इतकी ओढ.

जेम्स यांचं नाव आधीच्या एका प्रयोगाशीही जोडलेलं आहे. २०१५ मध्ये त्यांनी आणि सॅन डिएगोच्या गांट्झ आणि बीयर यांनी स्टीफेन्सीमध्ये परजीवीला रोखणारी जनुकं बसवली आणि ती जवळजवळ सगळ्या पिल्लांत उतरतील अशी योजना केली. ती बसवायची जागा म्हणून त्यांनी डोळ्याच्या रंगाचं जनुक निवडलं. ते बिघडलं की डासाचे डोळे पांढरे होतात आणि नुसत्या नजरेने कळतं. फळमाशीत याच जनुकाला सिनाबार म्हणतात. २००० साली जिचा जीनोम वाचला गेला त्या माशीच्या वाणातही सिनाबार बिघडलेलं होतं, जोडीला आणखी एक रंगाचं जनुकही, आणि तिचेही डोळे पांढरेच होते. असे डास उघड्यावर सोडावेत की नाही हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. ज्या गावात सोडायचे त्या गावाला विचारल्याशिवाय त्याचं उत्तर ठरू नये असं माझं ठाम मत आहे.

आणि वागण्यातला फरक कुठे लिहिलेला आहे, हा म्हैसूरचा प्रश्न? त्याचा धागा बेंगळुरूमध्ये पुन्हा उचलला गेला. २०१६ साली चेन्नईतल्या एका बांधकामाच्या जागेवरून मूळ प्रकारातला, म्हणजे जास्त वळ्यांच्या अंड्यांचा, शहरी स्टीफेन्सी पकडून त्याचा वाण वाढवला गेला होता. टाटा इन्स्टिट्यूट फॉर जेनेटिक्स अँड सोसायटी आणि बेंगळुरूच्या इतर संशोधकांनी त्याचा जीनोम २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचं लक्ष दुसऱ्या गुणसूत्राच्या उजव्या भुजेवर होतं. तिथे १ कोटी ६५ लाख अक्षरांचा एक तुकडा काही डासांत उलटा बसलेला असतो. जणू दादरपासून ठाण्यापर्यंतची स्टेशनं तीच, पण क्रम उलटा. हा उलटा तुकडा वेगवेगळ्या परिस्थितीशी जुळवून घेण्याशी जोडलेला आहे हे गुणसूत्रांचे पट्टे पाहणाऱ्यांना आधीपासून माहीत होतं. पण तो नेमका कुठल्या अक्षरापाशी तुटतो आणि कुठे जुळतो हे पट्ट्यांत दिसत नाही. आता तीन वाणांचे जीनोम शेजारी ठेवता आले: एकात तुकडा दोन्ही प्रतींत सुलटा, एकात दोन्हींत उलटा, एकात एक असा आणि एक तसा. चेन्नईचा तो दोन्ही सुलटा. मोडाच्या जागा अक्षरापर्यंत सापडल्या आणि त्यासोबत २२,६५० अशी अक्षरं, ज्यांच्यावरून कुठल्याही डासात तुकडा कसा बसलाय ते ओळखता येतं.

मग ठिकठिकाणच्या ८२ डासांचे जीनोम, एकेका डासाचा वेगळा, वाचून पाहिले गेले. एक तृतीयांश डासांत सुलटी आणि उलटी अशी दोन्ही रूपं नांदत होती. आणि निरनिराळ्या गावांहून आलेले डास आलेखावर मांडले, तेव्हा ते चेन्नईच्या त्या बांधकामावरच्या डासाच्या भोवतीच येऊन बसले. माणसांचा प्रवास आणि मालाची ने-आण, हे त्याचं कारण असावं, असं संशोधकांनी नोंदवलं आहे.